पाकिटाशी घासाघीस होत नाही

प्रकाशचा फोन मी दोनदा कापला. इथे आखातात, अल क्वोज भागातल्या माझ्या गोदामात एक हॉटेलवाला कणीक मळायच्या जुन्या मशीनसाठी अडून बसला होता, मीही अडून बसलो होतो, आणि अशा वेळी मी कोणाचाच फोन घेत नाही. शिवाय प्रकाश म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, कुंदाचा नवरा. दोन वर्षं त्या घराशी माझं बोलणं नव्हतं. तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा मी चिडूनच उचलला. "दादा, कुंदा गेली..." तो म्हणाला. कुठे गेली, असं मी विचारलं. खरंच विचारलं. सकाळी ड्यूटीला निघताना बुटांची नाडी बांधायला ती खाली बसली, ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. हॉटेलवाला समोर हात जोडून म्हणत होता, "यल्ला, खलास, जो बोलोगे वो दिया." जिंकलेला सौदा तसाच टाकून मी अल कुसैसला, कुंदाच्या घरी निघालो. असं मी आयुष्यात पहिल्यांदाच केलं.

याला आता सहा आठवडे झाले. माझं कुंदाशी भांडण होतं आणि त्यातलं थोडं अजून शिल्लक आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण ती काय काम करत होती हे आमच्या देवरूखकडच्या नातेवाइकांना माहीत नाही, आणि इथल्या मराठी मंडळातले लोक तिच्या शोकसभेत "हसतमुख नर्स" एवढंच बोलून बसले. मला राग आला. म्हणून लिहायला बसलो.

कुंदा नर्स म्हणूनच इथे आली. मी आधी आलो होतो, हॉटेलांच्या जुन्या शेगड्या आणि फ्रीझर उचलून, घासून, विकून उभा राहिलो होतो. तिला मी बोलावलं. पण पुढे ती जिथे पोचली तिथे तिला मी नेलं नव्हतं. ड्यूटी सांभाळून तिने परीक्षा दिल्या आणि जठराच्या कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या एका तुकडीत रिसर्च नर्स झाली. पोटाचं मोठं ऑपरेशन झालं की आतडी झोपी जातात. ती कधी जागी होतात, लवकर जागी कशी करता येतील, हा तिचा विषय. आणि आतडी जागी झाल्याची पहिली खूण म्हणजे वारा सरणं. लोकांना हसू येतं. मलाही यायचं. माझी बहीण दिवसभर लोकांच्या खाटांजवळ जाऊन विचारायची, "वारा सरला का?" आणि मिनिटासकट वेळ लिहून घ्यायची. हा एक प्रश्न तिला आठ भाषांत येत होता. मल्याळम, बंगाली, पश्तो, तमिळ, तगालोग... बाकी त्या भाषांतलं अवाक्षर येत नव्हतं. गुहागरकडचा एक सेंटरिंगचा मिस्त्री लाजून भिंतीकडे तोंड करून पडायचा. तिने त्याला सांगितलं, "काका, ही तुमच्या पोटाने पिटलेली दवंडी आहे. ती ऐकायला इथे सहा जण कान लावून बसलेत. लाजताय काय?" दुसऱ्या दिवशी त्याच काकांनी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "सिस्टर, झालं! सात वाजून वीस!"

मग माझी पाळी आली. आठ महिने मी जळजळीच्या गोळ्या चघळत होतो. गोदामात एकदा कुंदा आली असताना मी अर्धी पोळी खाऊन ताट सारलं. तिने ताटाकडे पाहिलं, माझ्या ढिल्या पट्ट्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "पट्ट्याला नवीन भोक कधी पाडलंस?" बस, एवढंच. दोन दिवसांत दुर्बीण घालून तपासणी झाली आणि दहा दिवसांत जठराचा कॅन्सर ठरला. लवकर सापडला असं डॉक्टर म्हणाले. सापडला तो त्या पट्ट्याच्या भोकामुळे. त्याचं श्रेय मी तेव्हाही तिला दिलं होतं, आजही देतो.

ऑपरेशनच्या आधी तिथल्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी मला त्यांच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. ऑपरेशननंतर काही रुग्णांना दिवसातून तीनदा च्युइंग गम चघळायला देतात. तोंड चालू झालं की आतड्यांना वाटतं जेवण आलं, आणि ती जागी होतात. उरलेल्यांना नेहमीचे उपचार. कोण कुठल्या गटात जाणार हे बंद पाकिटातून निघतं. शिवाय काढलेल्या गाठीचा एक तुकडा प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये ठेवायला माझी परवानगी हवी होती. मी कुंदाला बाजूला घेतलं. म्हटलं, "तुकडा घ्या, मोठा घ्या. पण मला गमवाल्यांत घाल." ती म्हणाली, "दादा, त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. आणि गम चांगला की नुसतं पडून राहणं चांगलं, हे आम्हालाच माहीत नाही. माहीत असतं तर अभ्यास कशाला केला असता?" मी म्हटलं, "तू लावशील तो अंदाज मला चालेल." त्यावर ती म्हणाली, "पाकिटाशी घासाघीस होत नाही." मी सह्या केल्या, पण त्या घ्यायला ती थांबली नाही, दुसऱ्या सिस्टरला पाठवलं. पाकीट मी हळूच ट्यूबलाइटसमोर धरून पाहिलं. कागद जाड होता, काही दिसलं नाही. उघडलं तर नेहमीचे उपचार. गम नाही.

पाऊण जठर काढलं. शुद्धीवर आलो तर शेजारच्या खाटेवर गुलझार, पेशावरकडचा ट्रेलर ड्रायव्हर, त्याचंही तेच ऑपरेशन, आणि तो गमवाला. दिवसातून तीनदा सिस्टर त्याला मोजून गम द्यायची आणि मी बघत राहायचो. माझी खात्री होती की त्यात काहीतरी औषध आहे. साधा गम असता तर एवढी सह्यापाकिटं कशाला? गुलझारला गम आवडत नव्हता. "भाईजान, ये रबर हमसे नहीं चबता." खोलीतल्या टीव्हीचा रिमोट मी आल्यापासून माझ्या उशाखाली ठेवला होता, आणि तेव्हा क्रिकेटचे सामने चालू होते. सौदा दोन मिनिटांत झाला. रिमोट त्याला, गम मला. सिस्टरची पाठ वळली की तो पुडी माझ्याकडे टाकायचा. चौथ्या दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझी दवंडी पिटली गेली. गुलझारची पाचव्या दिवशी. मला जग जिंकल्यासारखं वाटलं.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. त्या दहा दिवसांत कुंदा रोज दारापर्यंत यायची, "बरा आहेस ना?" म्हणायची आणि वळायची. सगळ्या वॉर्डाला आठ भाषांत विचारणारी माझी बहीण मला एकदाही विचारायला आली नाही. माझ्या नोंदी एक फिलिपिनो मुलगी घ्यायची. मी एकदा ओरडलो, "का गं, माझ्या वाऱ्याला वास येतो?" ती हसली आणि म्हणाली, "नियम आहे, दादा."

घरी सोडलं ते तिच्याच घरी. पहिल्याच संध्याकाळी मी शहाणपणा करून सगळं सांगितलं. रिमोट, गुलझार, पुडी. म्हटलं, तुझ्या पाकिटाला मी हरवलं. प्रकाश हसायला लागला आणि तिचा चेहरा बघून गप्प झाला. ती म्हणाली, "दादा, तो गम मी खालच्या बकालाच्या दुकानातून आणते. शेल्फवरचा, साधा. तू मागितला असतास तर घरी आल्यावर डबाभर दिला असता." मग म्हणाली, उद्या हे डॉक्टरीणबाईंना सांगावं लागेल. मी म्हटलं, "कोण बघतंय?" ती म्हणाली, "मी बघितलं ना आता." मी म्हटलं, तुझ्यावर येईल. म्हणाली, येऊ दे. माझा आवाज चढला. मी आणलं म्हणून तू इथे आहेस, हे बोललो. अभ्यासातून माझं नाव खोडणार असशील तर तू माझी बहीण नाहीस, हेही बोललो. टाक्यांवर हात दाबून बोललो, तरी बोललो. आणि तिने सांगितलंच. तिला समितीपुढे उभं राहून उत्तरं द्यावी लागली. मी मात्र त्याच रात्री टॅक्सी करून माझ्या खोलीवर गेलो होतो.

पाऊण जठर गेलेल्या माणसाला एकदम जेवता येत नाही, दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खावं लागतं. दुसऱ्या दिवसापासून प्रकाश सहा लहान स्टीलचे डबे घेऊन यायला लागला. मऊ भात, मुगाचं कढण, उकडलेलं अंडं, दही... तीन महिने. मी जेवण घेतलं, फोन घेतले नाहीत. आमच्या आईची शिकवण, कोणाचा डबा रिकामा परत देऊ नये, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालावी. मी रोज सहाच्या सहा डबे रिकामे परत पाठवले. मुद्दाम. ते कुंदाला कळत होतं, कळावं म्हणूनच पाठवत होतो. दोन भाऊबीजा मी गेलो नाही.

तिच्या दहाव्याला गुलझार आला होता. आता तो धडधाकट आहे. कोपऱ्यात उभा राहून रडला. कुंदाची मुलगी ऋचा मला म्हणाली, "मामा, शी नेव्हर सेड एनिथिंग बॅड अबाउट यू." मी म्हटलं, चांगलं तरी काय बोलायची? ती म्हणाली, "शी सेड यू चीटेड ॲट पत्ते ऑल्सो." यावर सगळे रडता रडता हसले.

गेल्या आठवड्यात मी तपासणीला गेलो होतो. सगळं स्वच्छ आहे. डॉक्टरीणबाईंनी मला बसवून घेतलं. मी न राहवून विचारलं, माझं नाव खोडताना कुंदा काय म्हणाली? त्यांनी चष्मा काढला. "खोडलं? कोणी सांगितलं?" माझेच कागद, म्हणून त्यांनी मला काढून दाखवले. त्या म्हणाल्या, समितीतले एकदोघे म्हणत होते की हे दोन रुग्ण वगळून टाका. कुंदा उठून बोलली की पाकिटात जो गट निघाला त्याच गटात माणूस मोजायचा, मग तो पुढे काहीही करो. बेशिस्त माणसं वगळली तर आपण फक्त शहाण्यांचं विज्ञान करू, आणि खऱ्या जगात लोक गम विकत घेणारच. हा नियम त्यांचाच होता, पण त्या दिवशी त्याची आठवण माझ्या बहिणीने करून दिली. तिने समितीला दिलेल्या जबाबात तिच्या अक्षरात लिहिलं होतं की या रुग्णाने शेजाऱ्याकडून गम घेतला, किती वेळा घेतला, तरी गट तोच, मोजावा. मला अभिमान वाटला. त्या खोलीत सगळे डॉक्टर होते, आणि देवरूखची नर्स उभी राहून बोलली होती.

मग त्यांनी मागे जाऊन पहिलं पान काढलं. ऑपरेशनच्या आधीची तारीख. अभ्यासातल्या कोणाचं रुग्णाशी काही नातं असेल तर ते लिहायची एक जागा असते. तिथे इंग्रजीत कुंदाने लिहिलं होतं की हा रुग्ण माझा सख्खा भाऊ आहे, म्हणून याच्या सह्या आणि नोंदी मी घेणार नाही, दुसऱ्या कोणी घ्याव्यात. खाली सही. मी तिला बहीण नाहीस म्हणालो त्याच्या दोन आठवडे आधीच तिने ते लिहून, सही करून ठेवलं होतं.

अजूनही माझं म्हणणं आहे की हे तिने मला सांगायला हवं होतं. नियम आहे, एवढं बोलून वळू नये माणसाने. पण मी फोन उचलले असते तर कदाचित सांगितलंही असतं...

शेवटचे सहा डबे माझ्याकडेच राहिले आहेत. तीन महिने झाल्यावर मीच प्रकाशला यायचं नाही असं सांगितलं, ते डबे परत न्यायला कोणी आलंच नाही. आजही मी दिवसातून सहा वेळा त्यातच जेवतो, आणि जेवण झालं की खालच्या बकालातला साधा गम चघळतो. डबे ऋचाला परत द्यायचे आहेत. रोज घासून, पुसून ओट्यावर मांडून ठेवतो. रिकामे देता येत नाहीत, आणि साखर पुरणार नाही.