नाकापर्यंत पदर

गोदाअक्का आमच्या कॉम्प्युटर क्लासात आल्या की चपला दाराबाहेर काढायच्या आणि बंद पडद्याकडे बोट करून मला विचारायच्या, "उठना का रे भाऊ तुना डबा?" मी बटण दाबलं की तो घरघरत सुरू व्हायचा. त्याला जागं व्हायला बराच वेळ लागे. तेवढ्यात अक्का त्याला आळशी, करंटा आणि फुकटखाऊ ठरवून मोकळ्या झालेल्या असत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जळगावात मेहरूणला घराच्या पुढच्या खोलीत मी हा क्लास काढला होता. अक्का आमच्या शेजारी. दोंडाईच्याजवळच्या खेड्यातलं घर बंद करून त्या थोरल्या मुलाकडे राहायला आल्या होत्या. धाकटा दिलीप अमेरिकेत. तिकडे त्याला मुलगी झाली, सई. अक्कांनी तिला अजून पाहिलं नव्हतं. दिलीप तिचे फोटो माझ्या ई-मेलवर पाठवायचा, कारण उभ्या गल्लीत इंटरनेट फक्त माझ्याकडे होतं.

यंत्र म्हटलं की अक्कांच्या कपाळाला आठ्या पडत. थोरल्या सुनेनं मिक्सर आणला, तर त्यांनी त्यावर टॉवेल टाकून ठेवला. "त्यामा चटणीले चक्कर येस," म्हणाल्या. दिलीपचा फोन आला की रिसीव्हर हातभर लांब धरून "जेवना का?" असं ओरडायच्या आणि उत्तर यायच्या आत तो थोरल्याच्या हातात द्यायच्या. "फोनमा तोंड नही, फोटोमा आवाज नही. बठ्ठा यंत्रं अर्धंच काम करतस," हे सगळ्याच यंत्रांबद्दल त्यांचं ठरलेलं मत.

आणि तरी, सईचा फोटो आलाय असं कळलं की याच अक्का तव्यावरची भाकरी सुनेच्या हवाली करून पळत यायच्या. त्या काळी फोटो पडद्यावर एकदम उमटत नसे. वरून खाली इंच इंच उतरायचा. पहिल्या फोटोत सईचं जावळ दिसलं, मग कपाळ दिसलं आणि फोनची लाइन कटली. मी डोक्याला हात लावला. अक्कांनी खेड्यात कितीतरी बायकांची बाळंतपणं केलेली. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "घाबरू नको. डोकं उनं ना, आते खांदा येतीन. तू घाई करू नको."

पुन्हा लाइन जोडली, तर फोटो पुन्हा जावळापासून सुरू झाला. "मागे सरकी गयी का काय?" अक्का पहिल्यांदाच धास्तावल्या. अखेर पोर पायापर्यंत सुखरूप आली, तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी टेबलावर आपटलो. मग घरी जाऊन मीठ-मोहऱ्या-मिरच्या आणल्या आणि पडद्यावरून दृष्ट काढली. मिरच्या बाहेर जाळा म्हणालो, तर त्यांनी मलाच विचारलं, "दृष्ट काय बाहेर लागनी का?" त्या दिवशीचा क्लास खोकण्यातच संपला.

सई अडीच वर्षांची झाली, त्या वर्षी दिवाळीला दिलीप सगळ्यांना घेऊन येणार असं ठरलं. एका दुपारी अक्का येऊन नुसत्याच बसून राहिल्या. समोरच्या वहिनींचा नातू सुट्टीत आला होता. आजीनं जवळ घेतलं की भोकाड पसरायचा, शेवटपर्यंत तिच्याकडे गेलाच नाही. अक्कांनी ते पाहिलं होतं.

"मी तिले वळखस. ती माले कशी वळखी?" त्या म्हणाल्या. "माले देखीसन रडनी, तर मी काय करू, भाऊ?" अक्कांच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं ते त्या एकाच वेळी. मला फार वाईट वाटलं.

"तुमचा फोटो पाठवू ना तिला," मी म्हणालो.

"आठेथून अमेरिकापावत कितला गावं लागतस?"

"का बरं?"

"तठला बठ्ठा लोक देखतीन ना माले, जाता जाता!"

वाटेतल्या गावांत फोटो कोणी बघत नाही, असं मी छातीठोकपणे सांगितलं. त्यांची शंका अगदीच खुळी नव्हती, हे मला फार पुढे कळलं. पण खरी अडचण वेगळीच होती. धाकट्या सुनेचे वडील तेव्हा लेकीकडे अमेरिकेत होते. व्याह्यांसमोर उघड्या तोंडानं जायचं? अक्कांनी आयुष्यात ते केलं नव्हतं, आणि फोटोतून जाणं म्हणजेही जाणंच.

सईसाठी त्या तयार झाल्या. इस्त्रीचं लुगडं नेसून अंगणात बसल्या. मी कॅमेरा डोळ्याला लावला की पदर नाकापर्यंत खाली. मी वर करायला सांगायचो, त्या करायच्या, आणि बटण दाबता दाबता पुन्हा खाली. रोल संपला. त्यातल्या त्यात बऱ्या फोटोत नाकाचा शेंडा, घट्ट मिटलेले ओठ आणि हनुवटीवरचं हिरवं गोंदण एवढं दिसत होतं. "इतलं बस व्हयनं," अक्का म्हणाल्या. मी तोच स्कॅन करून पाठवला. सई रोज झोपताना त्या फोटोचा पापा घेते, असं सुनेनं कळवलं.

दिवाळीत आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. गाडी थांबली, दिलीपनं सईला खाली उतरवलं. अक्का धावल्याच. धांदलीत पदर मागे सरकलेला, पांढरे केस मोकळे, डोळ्यांवर जाड चष्मा. सईनं एकदा पाहिलं आणि आईच्या मागे लपली. "ही अक्का नाही!" म्हणाली.

अक्का जागच्या जागी थांबल्या. दिलीप समजूत घालू लागला, तसं पोरीनं रडण्यासाठी तोंड वाकडं केलं. मग अक्का गर्दीत फलाटावरच खाली बसल्या. चष्मा काढला आणि पदर नाकापर्यंत ओढला. सई पुढे आली. वाकून तिनं गोंदणावर बोट ठेवलं आणि किंचाळली, "अक्का!"

पुढचे कितीतरी दिवस अक्का घरात तशाच वावरत होत्या. दोनदा चौकटीला धडकल्या. शेवटी सईनंच एका दुपारी तो पदर मागे ओढला आणि आत कोण आहे ते नीट बघून घेतलं. त्या संध्याकाळी अक्का तिला कडेवर घेऊन माझ्या दारात आल्या. "विकी टाक तुना डबा," म्हणाल्या. "माले आते त्यानं काय काम?" इतकं तृप्त माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

सुट्टी संपली, मंडळी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्लास उघडत होतो, तर अक्का पायरीवर बसलेल्या.

"नवा फोटो उना का?"

"अक्का, ते अजून विमानातच असतील."

त्या आत येऊन खुर्चीत बसल्या. पदरानं चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"मंग जुना लाव," म्हणाल्या.