आधी आमचा ओटा

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तात्यापारा या मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीत कावीळ शिरली. इथे हिंदी मुलखात सगळे पीलियाच म्हणतात. पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या किराणावाल्याची सून आजारी पडली, मग समोरच्यांची मुलं, आणि मग आमचे हे. रेल्वेची नोकरी उन्हातान्हात काढलेला माणूस, पण डोळे हळदीसारखे झाले आणि अंथरूण धरलं.

शेजारची मुलगी नर्सिंग शिकते. घरात मराठी, तिला समजतंही सगळं, पण उत्तर हिंदीतच. ह्यांना बघायला आली आणि जाताना दारात थबकली.

"काकी, आपके नल का पाइप किधर से आता है?"

"रस्त्यावरून येते. अजून कुठून येईन?"

"नाली के अंदर से तो नहीं?"

 इतकी वर्षं त्या नळावर हंडे भरले, पण पाइप कुठून येतो हे कधी वाकून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कॉलेजच्या मैत्रिणींना घेऊन आली. ओढण्या कमरेला खोचून त्या पोरी काठीनं नालीतला कचरा बाजूला सारत चालल्या. जवळपास प्रत्येक घराचा पाइप नालीच्या पाण्यातूनच आत गेलेला. काही ठिकाणी तर दिसतच नव्हता, कारण आम्ही नालीवर पक्के ओटे बांधून ठेवलेले.

संध्याकाळी मंदिरासमोर गल्ली जमली. मुलगी म्हणाली, रस्त्यातल्या मोठ्या लाइनसाठी पालिकेत अर्ज देऊ, पण तिथून घरापर्यंतचा पाइप आपला आहे, तो आपणच ओटे फोडून नालीच्या वर घेऊ. किराणावाला उसळला.

"मेरा पक्का ओटा है. कल की लड़की आके तुड़वाएगी?"

तिचा चेहरा लाल झाला, पण ती हलली नाही. "चाचा, भाभी आज भी कुछ खा नहीं पाईं ना?"

तो पाठ फिरवून निघून गेला. त्याच्यामागे बाकीचेही पांगले.

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. पडल्या पडल्याच म्हणाले, "मंग आपला ओटा फोड ना पहिले."

"रोज संध्याकाळी त्याच्यावर बसता तुम्ही!"

"खुर्ची टाकून बसून जाईन. मिस्त्रीले बोलाव."

मिस्त्रीनं घण घातला तेव्हा माझं काळीज हललं, खरं सांगते. सासऱ्यांनी हौसेनं बांधलेला ओटा तो. फरशी निघाली आणि असा वास सुटला की मी पदर नाकाला लावला. खाली शेवाळलेला पाइप, आणि जोडावर कुणीतरी कधीकाळी गुंडाळलेली चिंधी. हेच पाणी आम्ही पीत होतो. बघायला सगळी गल्ली लोटली. किराणावालाही आला, बराच वेळ वाकून पाहत राहिला. मग मिस्त्रीला हळूच म्हणाला, "इधर का हो जाए तो मेरे यहाँ आना."

त्यानंतर गल्लीत रोज कुठे ना कुठे घणाचा आवाज. पोरी कॉलेजातून आल्या की उभ्या राहून पाइप वर घेतला का बघायच्या, घरोघरी पाणी उकळायला सांगायच्या. बाटल्या भरून त्यांनीच पाणी तपासायला दिलं. चांगलं निघालं त्या दिवशी किराणावाल्यानं पोरींना पेढे दिले. तोवर त्याची सून दुकानात बसू लागली होती. ह्यांनाही भूक लागू लागली, भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुर सुरू झाली, तेव्हा मला हायसं वाटलं.

मागच्या उन्हाळ्यात गल्लीत कुणालाही कावीळ झाली नाही.

परवा शेजारच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बाया आमच्या नर्सिंगवाल्या "दीदी"ला विचारत आल्या. त्यांच्याकडेही पाइप नालीतूनच. ती लाजली. "काकी, आप भी चलो ना." मी चप्पल घातली. आम्ही तिथे पोचलो तर एकीनं लगेच पाण्याचे ग्लास पुढे केले. मी विचारलं, "उबाला है ना?"

"हव, हव," म्हणत सगळ्या हसल्या, आणि आम्ही पाणी पिऊन नालीकडे निघालो.