न बोलता धरायचं जनावर

सिद्धाप्पांच्या घरात मेंढरू धरायची एक रीत होती. आधी आवाज, मग हात. लांबूनच ‘ऱ्हा बाळा, ऱ्हा’ म्हणत जायचं, हनुवटीखाली तळहात द्यायचा, दुसरा हात मागच्या मांडीला. जनावर धडपडलं तर चूक धरणाऱ्याची. राजनंदिनी हे चालायला लागल्यापासून बघत आली. शाळेत असताना लोकर कातरणीला ती मेंढरं धरून द्यायची. कातरणारे म्हणायचे, सिद्धाप्पाची पोर धरते ते मेंढरू झोपी जातं.

त्या हातांच्या जोरावरच पोरगी उदगीरला जनावरांची डॉक्टर व्हायला गेली, असं सिद्धाप्पांचं ठाम मत होतं. मार्क किती पडले ते त्यांनी विचारलंच नव्हतं. शिकून ती मंद्रूपच्या सरकारी दवाखान्यात बसणार आणि भागातली मेंढरं बघणार, हे त्यांनी आठवडी बाजारात इतक्यांना सांगितलं होतं की लोकच विचारायचे, ‘‘खुर्ची आली का न्हाय अजून?’’

खुर्ची आली ती यंदा. परीक्षेत राजनंदिनीची निवड झाली, जागाही नेमकी मंद्रूपची निघाली. सोमवारी हजर व्हायचं होतं. आणि तिनं मनाशी ठरवलं होतं, जायचं नाही.

मधे दोन वर्षं ती पुण्याकडच्या एका वन्यप्राणी उपचार केंद्रात काम करत होती. तिथं पहिल्याच आठवड्यात कुत्र्यांनी फाडलेली काळविटाची मादी आली. राजनंदिनीनं घरच्या रीतीनं तिला धरलं, मानेवरून हात फिरवला, ‘ऱ्हा बाळा’ सुरू केलं. मादी हलेना. राजनंदिनीला वाटलं, शांत झाली. तिथल्या मोठ्या डॉक्टरबाईंनी काही न बोलता आपला स्टेथोस्कोप राजनंदिनीच्या कानाला लावला. आत काळीज घण घातल्यासारखं धडधडत होतं.

‘‘आता गप्प बस आणि हात थांबव,’’ बाई म्हणाल्या.

ती गप्प बसली. ठोके हळूहळू उतरले.

‘‘मेंढराला तू मालक आहेस. हिच्या लेखी तू लांडगा. धरलंय, आणि अजून खात नाही, एवढंच तिला कळतं. भीतीनंच मरतात ही. दोन दिवसांनीसुद्धा मरतात.’’

त्या मादीला टाके घालून सोडलं, तेव्हा ती सरळ गवतात घुसली. राजनंदिनी बराच वेळ तिथंच उभी होती. मेंढरू बरं झालं की पायाशी घोटाळतं. इथं काम नीट झालं की जनावर तुमच्यापासून पळत सुटतं. तिला हे काम आवडलं. हातातली सगळी सवय मोडून पुन्हा शिकायला तिला वर्ष गेलं, पण शिकली. मग सोलापूरला वन विभागाच्या बचाव पथकात करारावर लागली. पगार बेताचा, नोकरी कच्ची. आई, अंबुबाई, एवढंच म्हणाली, ‘‘तुझ्या आप्पाला तूच सांग. मी न्हाय सांगायची.’’

त्यासाठीच रविवारी राजनंदिनी वस्तीवर आली. चहा झाला. तोंड उघडणार तेवढ्यात पथकातून फोन आला. शेजारच्या धनाजीच्या शेततळ्यात काळवीट पडलं होतं.

शेततळ्याच्या प्लास्टिक कागदावर पाय ठरत नाही. पाणी प्यायला उतरलेलं जनावर वर येऊ शकत नाही. चढतं, घसरतं, दमतं. हा मोठा नर होता. एका शिंगाचं टोक मोडलेलं. काठावर पंधरा-वीस माणसं, सगळ्यांचे मोबाईल वर. पथकाची गाडी सामान घेऊन आली तेव्हा राजनंदिनीनं आधी माणसं हटवली. त्याला जनावर काढण्यापेक्षा जास्त कष्ट पडले.

मग दोर कमरेला बांधून ती दोघा वनरक्षकांबरोबर उतरली. आणखी एका माणसाची गरज होती. सिद्धाप्पा न विचारताच उतरले. तिनं अडवलं नाही. त्यांच्याइतका घट्ट आणि हलका हात तिथं कुणाचा नव्हता.

जाळीत घेऊन जनावर काठावर आणलं, पोटावर बसवलं. राजनंदिनीनं डोळ्यांवर पातळ कापड बांधलं, शिंगं बुडाशी धरली. सिद्धाप्पांनी मागचा भाग दाबला आणि सुरू केलं, ‘‘ऱ्हा बाळा, ऱ्हा...’’

‘‘आप्पा, बोलू नका.’’

‘‘घाबरलंय की ते.’’

‘‘तुमच्या आवाजालाच.’’

लांब उभा धनाजी हसला. ‘‘सिद्धाप्पा, पोरीनं तुलाच मुसकी घातली की रं.’’

‘‘धनाजीकाका, तुमी बी गप बसा,’’ राजनंदिनी हलक्या आवाजात म्हणाली. ‘‘आप्पा, हात फिरवू नका. नुसता ठेवा.’’

सिद्धाप्पांचा चेहरा उतरला. आयुष्यभर जनावरं धरली. चार माणसांत असं त्यांना कुणी बोललं नव्हतं. उठून जातील असं तिला वाटलं. ते उठले नाहीत. हात बरगडीवर ठेवला आणि दगडासारखे बसले. तिनं ताप बघितला, सुई दिली, पायावरची जखम धुतली. कुणी बोललं नाही. वाऱ्यानं कागद तेवढा फडफडत होता. थोड्या वेळानं सिद्धाप्पांनी मान वर केली, तिच्याकडे बघितलं आणि मोकळ्या हाताचा पंजा सावकाश खाली आणून दाखवला. ठोके उतरले होते.

जनावर झोळीतून माळावर नेलं. कापड काढून सगळे मागं सरले. ते उठलं, अडखळलं, आणि गेलं.

‘‘मागं वळून बी बघितलं न्हाय,’’ सिद्धाप्पा म्हणाले.

‘‘तेच चांगलं असतं.’’

‘‘जगंल का?’’

‘‘दोन-तीन दिवस सांगता येत नाही.’’

वस्तीकडे परतताना तिनं सांगून टाकलं. मंद्रूपला जाणार नाही. हेच करणार. सिद्धाप्पा चालत राहिले.

‘‘आपली मेंढरं कुणी बघायची?’’

‘‘लस द्यायला मी येईन. बाकी मंद्रूपला येईल तो डॉक्टर बघेल. मेंढरांना डॉक्टर मिळतो, आप्पा.’’

ते घरी आले, जेवले, मेंढरं वाड्यात घातली, झोपले. सकाळी ती निघाली तेव्हा ते रानात गेलेले होते. सोमवार गेला. तिनं नकार कळवला. घरून फोन नाही. मंगळवार गेला.

बुधवारी सकाळी ती गाडीत सामान भरत असताना फोन वाजला. सिद्धाप्पा होते. आवाज इतका बारीक की तिला कान दाबून धरावा लागला.

‘‘नंदे, धनाजीच्या वरच्या माळाला हाय ते. शिंगाचं टोक मोडलेलं. चरतंय. लेंड्या बी बघितल्या काल, घट्ट बांधलेल्या हायत, पोट बरं हाय त्याचं.’’

‘‘कालही गेला होतात?’’

‘‘रोज येतोय.’’ मग म्हणाले, ‘‘मंद्रूपच्या लोकांना मी सांगतो काय ते. तू नको त्यात पडू.’’

‘‘आप्पा, जवळ जाऊ नका हं त्याच्या.’’

‘‘न्हाय गं. लांबनंच बघतोय. आज वारं माझ्याकडनं त्याच्याकडं हाय, म्हणून हळू बोलतोय. ठेवतो आता.’’