जिंकल्यावर वाढवायचा नारळ

काल चिंचपोकळीच्या आमच्या जुन्या चाळीतून फोन आला. बाबा ज्या फुटबॉल क्लबचे कोच होते, त्यांना आता बाबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचाय. श्रीफळ म्हटल्याबरोबर तुडवलेल्या ओल्या गवताचा वास नाकात शिरला.

आम्ही फायनल हरलो होतो. उभ्या जन्मात चेंडूला पाय न लावलेले चाळकरी ओरडत होते, "स्ट्रायकरला बसवून ठेवला, कोच विकला गेला रे!" जिंकल्यावर वाढवायला आणलेला नारळ तसाच पडला होता. शेजारच्या मोरेकाकांनी तो उचलून बाबांच्या हातात ठेवला. "घ्या मास्तर, क्लबकडून." सगळे फिदीफिदी हसले. नारळ देणं म्हणजे हाकलणं, हे मला शाळकरी वयातही कळत होतं. बाबांनी मात्र तो दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला. त्यांना कळलंच नाही, असं वाटून मला रडू फुटलं.

घरी जाताना ते म्हणाले, "टीमची पोरं बघत होती गं. त्यांच्यासमोर काय भांडायचं?"

काल फोनवर मोरेकाकांचाच मुलगा होता. "ताई, शाल कुठल्या रंगाची आणू?"

म्हटलं, "कुठलीही आण. नारळ तेवढा आणू नकोस. तो तुझ्या वडिलांनी देऊन झालाय."