गोपिकाबाईंचा जानोसा

काटोलकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत, संत्र्यांच्या बागांच्या मधोमध वसलेल्या गावात गोपिकाबाई राहतात. पती ताराचंद निवर्तल्यावर मुलगा अंकुश याने त्यांना नागपुरास, मनीषनगरातील आपल्या घरी नेले होते. तेथे स्वयंपाकास बाई होती, भांड्यांस बाई होती. गोपिकाबाई दिवसभर खिडकीत बसून समोरच्या इमारतीची भिंत पाहत असत. एके सकाळी त्यांनी पिशवी भरली.

"माह्या घराले कुलूप लावून मी इथं काहून बसून राहू?"

"अन् तिथं खाशीन काय?" अंकुशने विचारले.

"घरच खाऊ घालीन मले."

आणि घराने खरोखरच खाऊ घातले. बागेकडच्या दोन खोल्या सारवून, पलंग टाकून त्यांनी त्या शहरातल्या पाहुण्यांसाठी उघडल्या. सुट्टीच्या दिवशी कुटुंबे येऊ लागली. मुले आपल्या हाताने संत्री तोडत. सायंकाळी गोपिकाबाई अंगणात गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजत, आणि राख झटकून तुपात बुडवलेला तो कणकेचा गोळा खाताना शहरातली माणसे बोटे चाटत. दूध शेजारच्या गोठ्यातले, चादरी धुण्यास शेजारची माया, परतीच्या गाडीत गावातल्याच संत्र्यांच्या पेट्या. एका घरात पाहुणा उतरला की त्याचा घास चार घरांत जात असे. ते पाहून आणखी काही घरांनी खोल्या उघडल्या.

याच सुमारास तलावाकाठच्या फार्महाऊसवर दारू पिऊन धिंगाणा घालणारी टोळकी येऊ लागली. फुटक्या बाटल्यांच्या काचा शेतांत येऊन पडत. एका बैलाच्या खुरात काच रुतली, तेव्हा बाया खवळल्या. सरपंच भैय्याजींनी ग्रामसभा बोलावली. "दारुड्यायले गावात मुक्काम नाही! मान्य असंन तं हात वर करा," असे ते म्हणाले, आणि सर्वांच्या आधी गोपिकाबाईंचा हात वर गेला. ठराव वाचून दाखवा असे कोणीही म्हटले नाही. ठराव वाचण्याची रीत या गावात नव्हतीच. बोलणाऱ्याचे तोंड ओळखीचे असले की हात वर होत असत.

पुढच्या आठवड्यात ग्रामपंचायतीचा शिपाई दारात येऊन उभा राहिला.

"काकू, पाहुणे ठेवनं बंद करा लागते. ठराव झाला न आता."

"तो तं दारुड्यायचा होता!"

"कागदावर दारुडा कुठंच नाही, काकू. गावठानातल्या घरात भाडं घेऊन बाहेरचा मानूस ठेवाचा नाही, असं हाय."

फार्महाऊस गावठाणाच्या बाहेर होते. तलावाकाठीच नुकतेच उभे राहिलेले नवे रिसॉर्टही बाहेरच होते, आणि त्याच्या भूमिपूजनाचा नारळ भैय्याजींनीच फोडला होता. गोपिकाबाईंना तेव्हा सारे उमगले. ज्या हाताने आपण आपल्याच दाराला कडी घातली, त्या हाताचीही त्यांना शिसारी आली.

बंद पडलेल्या खोल्यांसाठी सारे गाव ओरडले, पण भैय्याजींनी ते कानावर घेतले नाही. काचा शेतांत पडतच राहिल्या, कारण दारुडे आता रिसॉर्टवरही उतरू लागले. मायाला तेथेच चादरी धुण्याचे काम मिळाले. मात्र तिला मागच्या फाटकाने जावे लागे. तेथील भाजी नागपूरहून टेम्पोने येई. संत्र्यांच्या या गावात पाहुण्यांना डब्यातला संत्र्याचा रस पाजला जातो, हे मायाने सांगितले तेव्हा गोपिकाबाई उठून मोरीपाशी गेल्या आणि थुंकून आल्या.

अंकुशचा फोन आला. "आई, आता तरी ऐक. उन्हाळ्याच्या आत घर विकून टाकू." पुन्हा ती खिडकी आणि ती भिंत गोपिकाबाईंच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

तुळशीचे लग्न आटोपले आणि एके दुपारी भैय्याजी स्वतः दारात आले. त्यांची मुलगी अपेक्षा हिचे लग्न ठरले होते. वऱ्हाड यवतमाळहून यायचे होते, आणि रिसॉर्टच्या मालकाने ऐन वेळी खोल्या एका बड्या गिऱ्हाइकाला दिल्या होत्या.

"वहिनी, जानोसा तुमच्याकडं द्यावा म्हनतो. गावात असं घर दुसरं नाही."

"अन् तुमचा ठराव?"

भैय्याजी हसले. "ठरावात भाडं म्हनलं हाय, वहिनी. जानोशाले भाडं थोडंच रायते?"

मोल घेऊन उतरवणे गुन्हा, आणि फुकट उतरवणे पुण्य! पण जानोशाला, वऱ्हाडाच्या उताऱ्याला, या गावात कोणीही आजवर नकार दिलेला नव्हता, आणि अपेक्षा तर गोपिकाबाईंच्या अंगणात खेळून मोठी झाली होती. "पोरीसाठी देतो. तुमच्यासाठी नाही," एवढेच त्या बोलल्या.

वऱ्हाड उतरले. लग्नाच्या सकाळी नवरदेवाचे वडील प्रेमानंदजी अंगणात रोडगे खात बसले होते, आणि भैय्याजी हातात चहाचा ट्रे घेऊन त्यांच्यापुढे उभे होते.

"बाई, संक्रांतीले आमच्या साऱ्या भावायचं बिऱ्हाड घेऊन इथंच येतो," प्रेमानंदजी म्हणाले. "पन भाडं घ्या लागंन बरं. फुकट नाही रायत आम्ही."

"मले मनाई हाय, भाऊ. तुमचे व्याहीच सरपंच हायेत. त्यायलेच विचारा."

"काहून गा व्याहीबुवा? मनाई कायची?"

अंगणातले वऱ्हाडी वळून पाहू लागले. मांडव उतरेपर्यंत मुलीचा बाप व्याह्याच्या शब्दाला नाही म्हणत नसतो. भैय्याजींनी ट्रे खाली ठेवला.

"मनाई? छे छे! कागदाची गोष्ट हाय, होऊन जाईन."

"कधी?" गोपिकाबाईंनी विचारले.

"संक्रांतीच्या आधी, वहिनी."

"ऐकलं न, भाऊ?" त्या प्रेमानंदजींना म्हणाल्या, आणि त्यांच्या ताटात आणखी एक रोडगा वाढला.

पुढे ग्रामसभा भरली. जुना ठराव गावाच्या विकासासाठी रद्द करण्यात येत आहे, असे भैय्याजींनी गंभीर मुद्रेने सांगितले. हात वर होऊ लागले, तोच गोपिकाबाई उठल्या. "आधी वाचा." बाया हसल्या. ग्रामसेवकाने वाचून दाखवले. "पुन्हा वाचा." त्याने पुन्हा वाचले. मगच त्यांनी हात वर केला.

बाहेर येताच मायाने त्यांचा दंड धरला. "काकू, जिंकलो न वं आपन!"

"काय जिंकलो? सारं गाव बोंबलत होतं तवा याले ऐकू नाही आलं. व्याह्यानं रोडगा चावला तं ऐकू आलं."

त्या हापशीपाशी गेल्या, हात धुतला, चूळ भरून दूर थुंकल्या. मग त्यांनी अंकुशला फोन लावला.

"घराले गिऱ्हाईक पाहू नको," त्या म्हणाल्या. "अन् संक्रांतीले येशीन तं ओसरीत झोपा लागंन. खोल्या भरल्या."