कन्हानकाठची दगडी बाई
नागपूरच्या इतवारीतल्या रंभाबाई कासारणीचा नवरा पटकीच्या साथीत गेला, तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. मूलबाळ नव्हतं. घरात बांगड्यांची पेटी होती, तीच तिने डोक्यावर घेतली. स्वतःची मनगटं उघडी ठेवून ती दुसऱ्या बायांचे हात भरू लागली. कामठी, सावनेर, खापा असे बाजार ती छकड्यात जागा मिळाली तर बसून, नाही तर पायी करी.

वाटेत तिला कोरीव दगड दिसू लागले. विहिरीच्या पायरीला उलटा बसवलेला हत्ती, बोरीच्या बुडाशी नाक गेलेला द्वारपाल, शेताच्या धुऱ्यावर पालथा पडलेला नंदी. लोक त्यांवर विळे पाजळत. रंभाबाई थांबून पदराने माती पुसे. कोणी घडवले, कोणालाच सांगता येत नसे.

एका पावसाळ्यात खाप्याजवळ कन्हान नदीची दरड कोसळली आणि मातीतून एक दगडी बाई वर आली. मान किंचित कललेली, उजवा हात छातीशी, त्यात कोपरापर्यंत चुडा. रंभाबाईने एकेक बांगडी बोटाने चाचपली. मधली एक जराशी तिरकी होती, भरताना अडकते तशी.

"ज्यानं हे घडवलं त्यानं बांगड्या भरतानी पायलं हाय वं," ती सोबतच्या रुखमाबाईला म्हणाली. रुखमाबाई भाजी विकायची. तिला बाजार गाठायची घाई होती.

पुढची अकरा वर्षं रंभाबाई दर बाजाराला नदीवर उतरली. मूर्तीला कधी शेंदूर लावला नाही, नवस बोलली नाही. नुसती जवळ बसून भाकर खाई.

मग एका माघात तिथे खड्डा तेवढा दिसला. कुण्या साहेबाने मूर्ती गाडीत घालून नागपूरला बंगल्यावर नेली, असं गावात कळलं.

बांगड्या विकायच्या निमित्ताने रंभाबाई बंगल्याबंगल्यांत शिरली, हाकलली गेली. अखेर चंद्रभान नावाच्या माळ्याने तिला आत घेतलं. हौदाच्या कडेला, कुंड्यांच्या मधे ती बाई उभी होती. उजवा हात खांद्यापासून नव्हता.

"हात कुठी गेला गा?"

"गाडीत चढवतानी तुटला म्हनते. तिथंच रायला असन."

"साहेबाले सांगतलं नाही काहून?"

"त्याले अशीच आवडते, माय. जुन्या मूर्त्या तुटक्याच राहते म्हनते."

दुसऱ्याच दिवशी ती खाप्याला गेली. खड्ड्याभोवतीची माती तिने हातांनी उपसली. नावाड्याने सांगितलं, इथले सुटे दगड घाटाच्या भरावात गेले. वरून चुना पडला. "त्यात हात होता का पाय, कोन पायलं?"

ती घाटावर उभी राहिली. खाली बाया धुणं आपटत होत्या.

ती पुन्हा बंगल्यावर गेली, तेव्हा साहेबाची बदली झाली होती, चंद्रभानही नव्हता. नव्या पहारेकऱ्याने फाटक उघडलं नाही.

पोटासाठी बाजार चालूच राहिले. दोन वर्षांनी सावनेरच्या वाटेवर कुणाच्या नांगराला कोरीव दगड लागला. रुखमाबाईने मुद्दाम हाक मारली, "इकडं ये वं, कोनाचं तरी तोंड हाय!"

रंभाबाईने डोक्यावरची पेटी खांद्यावर घेतली. "असन," म्हणाली, आणि चालत राहिली.