आबांचं पहिलं माप

आमच्या साडूंना या जगात एकच गोष्ट विश्वासाची वाटते: सर्व्हरचा ट्रान्झॅक्शन लॉग. ते यवतला राहतात आणि जवळच्या एका डेअरीचा डेटाबेस सांभाळतात. गावोगावच्या संकलन केंद्रांवर दुधाचं माप पडलं की त्याची नोंद आधी या लॉगमध्ये उतरते. पुऱ्या झालेल्या नोंदी बॅकअपनंतर साफ होतात, जागा मोकळी होते. पण एक जरी नोंद अर्धवट उघडी राहिली, तर तिच्या मागचं काहीच साफ होत नाही. ‘शिक्रापूरच्या चौकात ट्रक आडवा झाल्यावर कसं हुतं, तसं,’ असं साडू समजावतात. लॉग डिस्कभर फुगला तर सगळीकडचं संकलन थांबतं आणि रांगेतलं दूध उन्हात नासतं. म्हणून त्याचा आलेख त्यांच्या मोबाइलवर कायम उघडा असतो. उगाच रिकामी नोंद टाकणाऱ्याला ते फैलावर घेतात: ‘जागा काय फुकट हाय व्हय?’

दौंडला पुतणीच्या लग्नात त्यांच्या हातात अक्षता होत्या आणि डोळे मोबाइलवर. शेजारच्या फेटेवाल्या मामांनी विचारलं, ‘पावणं, म्याच हाय का?’

‘न्हाई, लॉग हाय.’

‘मग कोण जिंकतंय?’

‘अजून कुणी न्हाई,’ साडू गंभीरपणे म्हणाले. त्यांच्या अक्षता पडल्या तेव्हा नवरा-नवरी खुर्चीत बसून फोटो काढून घेत होते. मेहुणीला ताप आला तेव्हाही त्यांनी डॉक्टरांना बजावलं होतं, ‘किती हाय ते ऱ्हाऊ द्या, कुठल्या वेगानं चढतोय ते सांगा.’

रोज सकाळी आलेखाला एक फुगवटा यायचा. त्याचं मूळ पाबळकडच्या एका केंद्रावर सापडलं. तिथं पहिलं माप आबांचं, असा रिवाज होता. केंद्र सुरू झालं त्या दिवशी पहिली किटली आबांनी आणली होती. आता त्यांना चालायला वेळ लागे. म्हणून केंद्रचालक त्यांच्या नावाची नोंद उघडून ठेवी आणि बाकीची मापं दुसऱ्या कॉम्प्युटरवर घेई. साडूंना ती नोंद एका बटणात तोडता आली असती. ते फोन करायचे.

‘आलं का रं आबा?’

‘हे काय, दारात हायती, सायेब.’

‘त्यांना म्हणावं, जरा पाय उचला. माझा लॉग फुगलाय.’

मागून आबांचा आवाज यायचा, ‘त्याला म्हणावं, ओवा खा!’

एका सकाळी मी साडूंकडे होतो. आलेख चढत गेला, उतरेना. साडूंनी पोह्यांची बशी बाजूला सारून फोन लावला.

‘आबांनी काल गाय इकली, सायेब,’ केंद्रचालक म्हणाला. ‘ल्योक त्यास्नी शिक्रापूरला घिऊन गेला, खोलीवर.’

‘मग नोंद कशाला उघडलीस?’

‘हात गेला सवयीनं. आन् आता बंद करवना.’

डिस्क भरत आली होती. साडूंचं बोट बटणावर थांबलं. तोडलेल्या नोंदीचा मागे मागमूस राहत नाही, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं.

‘शून्य लिटर लिही,’ ते फोनवर म्हणाले, ‘आन् पुरी कर.’

रेघ खाली आली. केंद्रं चालू राहिली.

हल्ली सकाळचा आलेख सपाट असतो, साडूंना हवा होता तसा. तरी त्या वेळेला ते मोबाइल उचलतात, बघतात आणि पालथा ठेवतात. परवा मी विचारलं, ‘कसा आहे लॉग?’

‘साफ हाय,’ ते म्हणाले. समोरचे पोहे गार होत होते.